हॅब्सबर्ग घराण्याची वंशावळ कशी मांडायची आणि त्यांचे लांबलचक किताब कसे वाचायचे

ग्वाल्हेरच्या माणसाला लांब किताब बघून दडपण यायचं खरं तर काही कारण नाही. शिंदे सरकारांचा पूर्ण किताब ज्यांनी वाचलाय त्यांना माहितीच आहे, मुघल दरबारच्या फारसी बिरुदांपासून सुरुवात होते, मधे आलिजाह बहादूर येतं, हिसाम-उस-सल्तनत येतं, आणि शेवटी इंग्लिस्तानच्या राणीचे फिदवी (म्हणजे एकनिष्ठ सेवक) असंही येतं, म्हणजे दिल्लीचा बादशहा आणि लंडनची राणी दोघंही एकाच ओळीत. दिल्लीची बादशाही १८५७ ला संपली, तिनं दिलेली बिरुदं मात्र किताबात तशीच राहिली. एवढं ज्याच्या डोक्यात पक्कं आहे त्याला व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग घराण्याचे किताब वाचायला वेळ लागणार नाही, कारण तिथेही हाच प्रकार आहे, फक्त सहाशे वर्षांचा आणि अर्ध्या युरोपभर पसरलेला.

हे लिहायचं कारण असं की पहिलं महायुद्ध वाचायला घेतलेली मुलं, आणि मोठी माणसंसुद्धा, दहा पानांतच अडकतात. फर्डिनांड किती, फ्रान्झ किती, कार्ल किती, हा राजा होता की सम्राट की आर्चड्यूक, आणि एकच माणूस एका पुस्तकात पहिला आणि दुसऱ्या पुस्तकात पाचवा कसा काय? इंटरनेटवर तयार चार्ट भरपूर मिळतात पण ते बघून कळत नाही, स्वतः मांडावं लागतं. चार्ट पेपर घ्या, बाड्यावर कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळतो, पेन्सिल आणि तीन रंगांचे पेन घ्या. मोबाइलवर किंवा एक्सेलमध्ये करू नका, कारण पुढे उलटसुलट रेघा माराव्या लागणार आहेत.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

सगळा गोंधळ इथेच होतो म्हणून हे आधी नीट बघू. प्रत्येक माणसाच्या नावाखाली तीन ओळींची जागा सोडायची: कूळ, मुलूख आणि पद. कूळ म्हणजे बाप कोण, घराणं कोणतं. मुलूख म्हणजे वारसानं हातात आलेली जमीन, ऑस्ट्रिया, टायरॉल, बोहेमिया, जे काही असेल ते. आणि पद म्हणजे पवित्र रोमन सम्राट, जर्मन संस्थानांच्या वरचा सम्राट, जे मुळात वारसानं मिळतच नव्हतं, ते निवडणुकीनं मिळायचं. १३५६ च्या गोल्डन बुल नावाच्या फर्मानानं सात मतदार ठरवून दिले होते, माइन्झ, ट्रियर आणि कोलोन इथले तीन आर्चबिशप, आणि बोहेमियाचा राजा, पॅलाटिनचा काउंट, सॅक्सनीचा ड्यूक, ब्रँडेनबर्गचा मार्ग्रेव्ह हे चार संस्थानिक. हे सात जण ज्याला निवडतील तो सम्राट, मग त्याचा बाप सम्राट असो नसो.

आपल्या इकडची गोष्ट लक्षात आणली की हे चटकन बसतं. १७८४ ला महादजींनी शाह आलमकडून पेशव्यांच्या नावे वकील-ए-मुतलकी, म्हणजे बादशाहीचा सर्वाधिकारी कारभार, मिळवली आणि त्यांचे नायब म्हणून कारभार स्वतः केला, हे झालं पद. माळव्यातला, उत्तरेतला मुलूख हा वेगळा. आणि कण्हेरखेडची पाटिलकी, जी त्यांना शेवटपर्यंत सगळ्यात प्यारी होती आणि स्वतःला पाटील म्हणवून घ्यायला आवडायचं, ती आणखी वेगळी. कोणी म्हटलं की शिंद्यांना दिल्लीनं मुलूख दिला म्हणून ते शिंदे झाले, तर तुम्ही लगेच थांबवाल ना? पण हॅब्सबर्गांबद्दल लोक अगदी असंच बोलतात, ऑस्ट्रियाचा सम्राट म्हणून सरसकट पाचशे वर्षं मागे जातात, आणि ऑस्ट्रियाचा सम्राट हे पद तर १८०४ च्या आधी नव्हतंच.

कागदाच्या मधून सुरू करा

वंशावळ वरून खाली काढायची सवय असते सगळ्यांना, इथे तसं करू नका, कारण वरच्या दोनशे वर्षांत भावाभावांत इतक्या वाटण्या आहेत की अर्धा कागद तिथेच संपतो. कागदाच्या मधोमध मॅक्सिमिलियन पहिला (१४५९ ते १५१९) लिहा. त्याच्या वर त्याचा बाप फ्रेडरिक तिसरा, जो १४५२ ला रोममध्ये जाऊन मुकुट घालून आला, तिथे मुकुट घातलेला हा शेवटचा सम्राट. आणि मग बरीच जागा सोडून एकदम वर रूडॉल्फ पहिला, मधे नुसती तुटक रेघ.

रूडॉल्फजवळ तीन साल लिहा, १२७३, १२७८ आणि १२८२. मूळ गढी आजच्या स्वित्झर्लंडमधल्या आरगाऊ भागात, तिथला हा काउंट. १२७३ ला जर्मन संस्थानिकांनी त्याला राजा निवडला, असं समजून की हा काही फार बलवान नाही, आपल्याला जड जाणार नाही. १२७८ ला मार्शफेल्डच्या लढाईत त्यानं बोहेमियाच्या ओटोकारला हरवलं, ओटोकार तिथेच मारला गेला, आणि १२८२ ला ऑस्ट्रिया आणि स्टायरिया रूडॉल्फनं आपल्या मुलांना देऊन टाकलं. म्हणजे पद वापरून मुलूख मिळवला. पद पुढे बाहेरच्यांकडे गेलं, परत आलं, परत गेलं, पण ऑस्ट्रिया १९१८ पर्यंत सुटलं नाही.

त्या तुटक रेघेवर फक्त एका माणसाला जागा द्या, रूडॉल्फ चौथा, ड्यूक, तरुणपणीच १३६५ ला वारला. १३५६ च्या त्या सात मतदारांत ऑस्ट्रियाचं नाव नव्हतं आणि हे त्याला सहन झालं नाही. मग त्यानं आपल्या कचेरीत जुन्या सनदा तयार करवून घेतल्या, त्यात ज्युलियस सीझर आणि नीरोनं ऑस्ट्रियाला हक्क दिल्याची पत्रंसुद्धा होती, आणि त्या जोरावर स्वतःला आर्चड्यूक, म्हणजे ड्यूकपेक्षा वरचा, म्हणवून घेतलं. सम्राटानं ती पत्रं कवी पेट्रार्ककडे तपासायला पाठवली आणि त्यानं साफ सांगितलं की ही खोटी आहेत. पण पुढे शंभर वर्षांनी, १४५३ ला, घरातलाच फ्रेडरिक तिसरा सम्राटपदावर बसलेला होता, त्यानं त्या सनदा मंजूर करून टाकल्या आणि किताब कायदेशीर झाला. तेव्हा चार्टमध्ये १४५३ च्या आधी कोणाच्याही नावामागे आर्चड्यूक लिहू नका, ड्यूक लिहा. मला हा सगळ्या वंशावळीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग वाटतो, कारण किताब लढाईतून येतो, लग्नातून येतो, आणि कधी कधी नुसत्या कारकुनाच्या लेखणीतूनही येतो, आणि एकदा मंजूर झाला की पाचशे वर्षांनी कोणी विचारत नाही कुठून आला.

लग्नापेक्षा मृत्यूची तारीख ठळक लिहा

सगळे सांगतात की हॅब्सबर्गांनी लग्नं करून साम्राज्य मिळवलं. हे अर्धंच खरं आहे. सोयरीक तर सगळेच राजे करायचे. यांना मुलूख मिळाला तो समोरच्या घरातले वारस एकामागोमाग गेले म्हणून. त्यामुळे लाल पेननं मृत्यू लिहायचे, लग्नं साध्या निळ्या पेननं.

मॅक्सिमिलियननं १४७७ ला बर्गंडीच्या मेरीशी लग्न केलं. तिचा बाप त्याच वर्षी लढाईत मेला होता, ती एकटी वारस. १४८२ ला मेरी घोड्यावरून पडून गेली आणि नेदरलँड्सचा सगळा श्रीमंत मुलूख लहान मुलाकडे, फिलिपकडे आला. या फिलिपचं लग्न १४९६ ला स्पेनच्या हुआनाशी झालं, आणि हुआना तेव्हा वारस नव्हतीच, तिच्या पुढे एक भाऊ होता आणि एक थोरली बहीण होती. भाऊ हुआन १४९७ ला गेला. बहीण इसाबेल १४९८ ला बाळंतपणात गेली. तिचा मुलगा मिगेल, ज्याच्याकडे स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही यायचं होतं, तो १५०० ला दोन वर्षांचा पण नव्हता तेव्हा गेला. त्याच १५०० सालात हुआनाला मुलगा झालेला होता, कार्ल, जो पुढे पाचवा कार्ल किंवा चार्ल्स म्हणून सगळ्या जगाला माहीत झाला. ही तीन लाल नावं चार्टवर नसतील तर कार्लकडे स्पेन कसा आला हे कधीच समजणार नाही.

तसंच पूर्वेकडे. १५१५ ला व्हिएन्नात हॅब्सबर्ग आणि हंगेरी-बोहेमियाचं राजघराणं यांच्यात साटंलोटं ठरलं, आपल्याकडे करतात अगदी तसं, इकडची मुलगी तिकडे आणि तिकडची इकडे. १५२६ ला मोहाचच्या रणात सुलतान सुलेमानच्या फौजेपुढे हंगेरीचा तरुण राजा लुई दुसरा मेला, मूल नव्हतं, आणि त्याचा मेव्हणा फर्डिनांड, म्हणजे कार्लचा धाकटा भाऊ, बोहेमिया आणि हंगेरीचा राजा झाला. बोहेमियानं आणि हंगेरीतल्या सरदारांच्या एका गटानं त्याला रीतसर निवडून घेतलं, हेही बाजूला लिहून ठेवा, कारण पुढे दोनशे वर्षं तिथले सरदार ही गोष्ट विसरू देत नाहीत.

आता कार्लच्या नावाखाली तीन ओळी भरून बघा. कूळ हॅब्सबर्ग. मुलूख स्पेन (१५१६ पासून, तिथे तो पहिला कार्लोस), नेदरलँड्स, नेपल्स, अमेरिकेतल्या वसाहती. पद सम्राट, १५१९ ला निवडून, आणि ही निवडणूक फुकट झाली नाही, साडेआठ लाख फ्लोरिनच्या आसपास पैसा वाटला गेला, त्यातला निम्म्याहून जास्त आउग्सबर्गच्या फुग्गर सावकारांनी कर्जानं दिला. १५३० ला बोलोन्यात पोपच्या हातून मुकुट घातला, त्याच्यानंतर कोणत्याही पवित्र रोमन सम्राटाला पोपनं मुकुट घातला नाही.

थोरली पाती, धाकटी पाती

देवासला जशा दोन पात्या होत्या तशाच इथे १५५६ पासून दोन पात्या करा. कार्लनं राज्य सोडलं, स्पेन मुलाला म्हणजे फिलिप दुसऱ्याला, आणि ऑस्ट्रियाकडचं सगळं व सम्राटपद भाऊ फर्डिनांडला. स्पेनची थोरली, व्हिएन्नाची धाकटी.

थोरल्या पातीवर फार वेळ घालवू नका, पण एक गोष्ट नीट काढा. फिलिप दुसऱ्यानं सख्ख्या भाचीशी लग्न केलं, फिलिप चौथ्यानंही सख्ख्या भाचीशी केलं, म्हणजे बहीण लग्न होऊन व्हिएन्नाला गेली आणि तिची मुलगी परत माद्रिदला राणी म्हणून आली. अशा वेळी तीच व्यक्ती कागदावर दोनदा लिहू नका, एकदाच लिहा आणि तिच्याकडे दोन रेघा न्या, नाहीतर चार्ट खोटं बोलतो, पूर्वज असतात त्यापेक्षा जास्त दिसतात. या फिलिप चौथ्याचा मुलगा चार्ल्स दुसरा, जन्मभर आजारी, दोन लग्नं करून मूल नाही, १ नोव्हेंबर १७०० ला गेला आणि थोरली पाती खुंटली. त्यानं मृत्युपत्रात स्पेन फ्रान्सच्या बोर्बन घराण्यातल्या फिलिपला दिला आणि त्यावरून सगळा युरोप वर्षानुवर्षं लढला.

१७४० ची गाठ

ही गाठ सुटली की पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून इथे हळूहळू जा.

आपल्याकडे मुलगा नसला की दत्तक घ्यायचा. ग्वाल्हेरातच बघा, १८२७ ला दौलतराव गेले, बायजाबाईंनी जनकोजीरावांना दत्तक घेतलं, १८४३ ला जनकोजीराव गेले, ताराबाईंनी जयाजीरावांना घेतलं. घराणं चालू राहिलं, नाव तेच, गादी तीच, वंशावळीत नुसती एक तुटक रेघ. हॅब्सबर्गांना हा रस्ता नव्हता, गादीवर औरस संततीच हवी. सम्राट कार्ल सहावा, धाकट्या पातीतला शेवटचा पुरुष, त्यानं १९ एप्रिल १७१३ ला प्रॅगमॅटिक सँक्शन नावाचं फर्मान काढलं की मुलगा नसेल तर माझ्या मुलीकडे सगळा मुलूख अखंड जाईल, वाटणी नाही. तेव्हा त्याला एकही मूल नव्हतं. पुढे एक मुलगा झाला तो तान्हेपणीच गेला, आणि १७१७ ला मारिया थेरेसा झाली. बापानं उरलेलं आयुष्य एकेका दरबाराकडून या कागदावर सह्या मिळवण्यात घालवलं.

त्या कागदामुळे ज्यांचा हक्क मागे पडला त्या त्याच्या थोरल्या भावाच्या मुली होत्या, आणि त्यातल्या एकीचा नवरा होता बव्हेरियाचा कार्ल आल्ब्रेख्ट. १७४० ला कार्ल सहावा गेला, मारिया थेरेसा तेवीस वर्षांची, गरोदर, आणि चारी बाजूंनी स्वाऱ्या. प्रशियाच्या फ्रेडरिकनं सायलेशिया घेतला तो बहुतेक सगळा कायमचा गेला. आणि सम्राटपद १७४२ ला या कार्ल आल्ब्रेख्टकडे गेलं, १४३८ नंतर पहिल्यांदा घराबाहेर. तो १७४५ ला वारला तेव्हा मतदारांनी मारिया थेरेसाच्या नवऱ्याला, लोरेनच्या फ्रान्झ स्टीफनला निवडलं.

म्हणून मारिया थेरेसाच्या नावाखाली असं लिहा: कूळ हॅब्सबर्ग, मुलूख हंगेरीची राणी (मुकुट १७४१), बोहेमियाची राणी (१७४३), ऑस्ट्रियाची आर्चडचेस, पद काही नाही. ती सम्राज्ञी म्हणवली गेली ती सम्राटाची पत्नी म्हणून. राज्य तिनंच केलं, चाळीस वर्षं केलं, सोळा मुलांपैकी तेरा झाली तीही याच काळात, पण बाईला मतदार निवडत नव्हते. पुस्तकात सरळ सम्राज्ञी मारिया थेरेसा गादीवर आली असं लिहिलेलं दिसलं की समजा लिहिणाऱ्यानं तीन ओळी केलेल्या नाहीत.

आणि हिच्यानंतर कुळाच्या ओळीत हॅब्सबर्ग-लोरेन लिहायचं. बापाकडून बघितलं तर पुढचे सगळे लोरेनचे आहेत, फ्रान्सला गेलेली मारी आंत्वानेत पण लोरेनचीच मुलगी, पण आईकडचं नाव पुढे ठेवलं कारण मुलूख आईकडून आला. याच लग्नापायी फ्रान्झ स्टीफनला आपलं पिढीजात लोरेन सोडावं लागलं होतं, बदल्यात १७३७ ला टस्कनी मिळालं.

आकड्यांचा गोंधळ

आकडा माणसाचा नसतो, गादीचा असतो, एवढं धरून चाला. मारिया थेरेसाचा नातू फ्रान्झ हा पवित्र रोमन सम्राट म्हणून दुसरा. नेपोलियननं १८०४ ला स्वतःला सम्राट जाहीर केल्यावर त्यानं ११ ऑगस्ट १८०४ ला ऑस्ट्रियाचं वंशपरंपरागत सम्राटपद काढलं, तिथे तो पहिला. दोन वर्षं दोन्ही पदं एकत्र होती, मग ६ ऑगस्ट १८०६ ला जुनं पद त्यानं स्वतःच विसर्जित केलं. चार्टवर या तारखेला आडवी जाड रेघ मारा. हिच्या खाली पद आणि कूळ पहिल्यांदाच एकत्र येतात, आता निवडणूक नाही, बापाचं मुलाला.

त्याचा मुलगा फर्डिनांड ऑस्ट्रियात पहिला, हंगेरीत पाचवा. सोळाव्या शतकातला मोहाचवाला फर्डिनांड सम्राटांत पहिला आणि हंगेरीतही पहिला. म्हणून नुसतं फर्डिनांड पहिला असं लिहायचंच नाही, बरोबर गादी आणि साल लिहायचं. शेवटचा सम्राट कार्ल ऑस्ट्रियात पहिला, हंगेरीत चौथा, बोहेमियात तिसरा. हंगेरीत तर मुकुट डोक्यावर चढल्याशिवाय राजा पक्का मानत नसत, जोसेफ दुसऱ्यानं तो मुकुट घालून घेतलाच नाही म्हणून तिथले लोक त्याला टोपीवाला राजा म्हणायचे. याच्या उलट ऑस्ट्रियाच्या सम्राटांपैकी एकाचाही सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला नाही. तेव्हा राज्याभिषेकाचं साल शोधत बसू नका, गादीवर आल्याचं साल लिहा आणि हंगेरीचं अभिषेकाचं साल वेगळं, फ्रान्झ जोसेफचं १८६७, कार्लचं १९१६.

आता मोठा किताब उलगडू

फ्रान्झ जोसेफचा मोठा किताब घ्या, तो सगळीकडे सापडतो. ऑस्ट्रियाचा सम्राट, हंगेरीचा अपॉस्टोलिक राजा, बोहेमिया, डाल्मेशिया, क्रोएशिया, स्लाव्होनिया, गॅलिशिया, लोडोमेरिया आणि इलिरियाचा राजा, जेरुसलेमचा राजा, मग आर्चड्यूक, ग्रँड ड्यूक, ड्यूक, मार्ग्रेव्ह, काउंट आणि नुसता लॉर्ड असा उतरत जातो. क्रम मानाचा आहे, सालाचा नाही, हे आधी लक्षात घ्या. घराणं सुरू झालं ते हॅब्सबर्गच्या काउंटपासून, आणि ते नाव किताबात किती खाली गेलंय बघा.

काम असं करायचं: किताबातला एकेक मुलूख वेगळ्या ओळीवर उतरवा आणि पुढे दोनच प्रश्न, कसा आला, आणि किताब वापरताना हातात होता का.

हॅब्सबर्गची गढी, मूळ घर. १४१५ ला स्विस लोकांनी आरगाऊ घेतलं, तेव्हापासून गेली, किताब पाचशे वर्षं तसाच. जेरुसलेम, क्रुसेडवाल्यांचं राज्य, त्यांचं शेवटचं शहर आक्रा १२९१ ला पडलं, पुढे युरोपातली कितीतरी घराणी हा दावा सांगत राहिली, हेही त्यातले. लुसाटिया १६३५ ला सॅक्सनीला दिला. लोरेनचं वर आलंच. लोम्बार्डी १८५९ ला गेली, व्हेनिस १८६६ ला गेलं, ती नावं वरच्या किताबात नाहीत, पण टस्कनी इटलीत विलीन झालं तरी किताबात हजर. सर्बियाचा ग्रँड व्हॉइव्होड हा किताब १८४९ ला एक नवा प्रांत केला म्हणून आला, तो प्रांत १८६० ला मोडलासुद्धा, किताब राहिला.

गॅलिशिया आणि लोडोमेरिया बघण्यासारखं आहे. तेराव्या शतकातल्या हंगेरीच्या राजांनी या मुलखावर दावा लावला होता, नुसता किताबात पडून होता. १७७२ ला पोलंडची पहिली फाळणी झाली तेव्हा व्हिएन्नानं तोच जुना दावा बाहेर काढला आणि मोठा प्रांत घेतला. मेलेला किताब का सोडत नाहीत याचं उत्तर इथे मिळतं, कधी कामाला येईल सांगता येत नाही. त्याच प्रांताबरोबर ऑश्विट्झचा ड्यूक हा किताबही आला, नाव वाचून धस्स होतं पण हे तेच गाव आहे, छळछावणी तिथे पुढे नाझींनी उभी केली.

आणि अपॉस्टोलिक हा शब्द हंगेरीच्याच राजाचा, १७५८ ला पोपनं मारिया थेरेसाला तो वापरायला मंजुरी दिली. ऑस्ट्रियाच्या नावापुढे तो लावू नका.

रोजच्या कागदावर अर्थात एवढं कोणी लिहीत नव्हतं, मधला आणि छोटा असे दोन किताब त्यासाठी होते. १८६७ च्या समझोत्यानंतर, म्हणजे ऑस्ट्रिया आणि हंगेरी असे राज्याचे दोन भाग झाल्यावर, कचेऱ्यांची नावंही बघून घ्या, ऑस्ट्रियाच्या अर्ध्याचं खातं असेल तर पुढे का-का, आणि परराष्ट्र खातं किंवा आरमार असं दोन्ही मिळून असेल तर का उंड का, म्हणजे शाही आणि राजेशाही. त्या मधल्या उंडवर हंगेरीवाल्यांनी चांगलं भांडण केलेलं आहे, कारण तो नसेल तर हंगेरीचं राज्य सम्राटाच्या पोटात गेल्यासारखं दिसतं.

फ्रान्झ फर्डिनांडला कुठे बसवायचं

तो फ्रान्झ जोसेफचा मुलगा नाही, इथे सगळे चुकतात. फ्रान्झ जोसेफचा एकुलता एक मुलगा रूडॉल्फ ३० जानेवारी १८८९ ला मायरलिंग इथे वारला. मग वारसा भावाकडे, कार्ल लुडविगकडे, तो १८९६ ला गेला, मग त्याचा मुलगा फ्रान्झ फर्डिनांड. म्हणजे पुतण्या. (१८९३ ला हा हिंदुस्थानात येऊन गेलेला आहे, जगप्रवासावर असताना.) त्याच्या नावाला ऑस्ट्रिया-एस्टे असं जोडलेलं असतं ते का, तर मोडेनाचा शेवटचा ड्यूक १८७५ ला वारला, त्याची मोठी इस्टेट याला मिळाली या अटीवर की एस्टे हे नाव लावायचं. दत्तकाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट या घराण्यात हीच, पण दत्तक नाही, बाप बदलला नाही, चार्टवर रेघ हलवायची नाही, फक्त नाव जोडायचं.

त्यानं १९०० मध्ये सोफी खोटेकशी लग्न केलं. ती काउंटच्या घरातली होती पण राजघराण्यातली नव्हती, म्हणून आधी २८ जून १९०० ला त्याला शपथ घ्यायला लावली की बायकोला आणि मुलांना घराण्याचा किताब नाही आणि मुलांना गादी नाही. अशा लग्नाला चार्टवर दुहेरी रेघ न देता एकेरी द्या आणि मुलांखाली आर्चड्यूक लिहू नका, होहेनबर्ग लिहा. एरवी या घराण्यात राजपुत्राचं प्रत्येक मूल आर्चड्यूक किंवा आर्चडचेस, म्हणून त्यांची संख्या इतकी, पण अशा लग्नातली मुलं नाहीत. चौदा वर्षांनी नेमक्या २८ जूनलाच सारायेवोला दोघांना गोळ्या लागल्या, आणि व्हिएन्नात अंत्ययात्रेला शवपेट्या ठेवल्या तेव्हा तिची त्याच्यापेक्षा खाली ठेवली. किताबाचे नियम माणसाशी काय करतात ते मला तिथे सगळ्यात जास्त लागतं.

मग वारसा परत बाजूला सरकतो, त्याच्या मेलेल्या भावाच्या मुलाकडे, कार्लकडे, जो २१ नोव्हेंबर १९१६ ला गादीवर आला, दोन वर्षं टिकला आणि १ एप्रिल १९२२ ला मदेरा बेटावर परक्या देशात वारला.

१९१९ नंतर काय लिहायचं

३ एप्रिल १९१९ ला ऑस्ट्रियानं कायदा करून सरदारकी आणि किताब बंद केले, नावामागचं फॉनसुद्धा. भारतात १९७१ ला घटनादुरुस्तीनं संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले तरी लोक तोंडानं महाराज म्हणत राहिले, तशी मोकळीक ऑस्ट्रियाच्या सरकारी कागदावर नाही. म्हणून चार्टवर १९१९ नंतर ऑस्ट्रियात जन्मलेल्याचं नाव सरळ हॅब्सबर्ग-लोथरिंगन असं आडनावासारखं लिहा. जर्मनीत वेगळं आहे, तिथे किताब आडनावाचा भाग मानला गेला, त्यामुळे कार्लचा मुलगा ओटो (१९१२ ते २०११), जो जर्मन नागरिक होऊन १९७९ ते १९९९ युरोपियन पार्लमेंटमध्ये बसला, त्याला तिथे फॉन हॅब्सबर्ग लिहिलेलं दिसेल आणि ऑस्ट्रियात नुसतं हॅब्सबर्ग-लोथरिंगन. दोन्ही बरोबर आहे, कोणत्या देशाचा कागद आहे ते बघून लिहा.

चार्ट झाला की तपासायला तीन नावं घ्या आणि तीन ओळी न बघता भरा: १७४३ मधली मारिया थेरेसा, १८०५ मधला फ्रान्झ, १९१७ मधला कार्ल. पहिलीच्या पदाच्या ओळीत रिकामं हवं, दुसऱ्याच्या ओळीत दोन सम्राटपदं हवीत, तिसऱ्याच्या ओळीत एक सम्राटपद आणि मुलखाच्या ओळीत हंगेरी चौथा या आकड्यानं. कार्लपासून वर बोट नेत फ्रान्झपर्यंत जा, बाप ओटो, आजोबा कार्ल लुडविग, पणजोबा फ्रान्झ कार्ल, त्याचा बाप फ्रान्झ. वाटेत फ्रान्झ जोसेफ लागायला नको, तो बाजूला हवा, चुलत आजोबा म्हणून. लागला तर रेघ चुकलीय, खोडा आणि कार्ल लुडविगपासून परत काढा.